तुमच्या खाटेबाबत विचारणा

बाबा,

१. मागच्या पावसाळ्यात आई अंगणात घसरून पडली. उजव्या खांद्याजवळचं हाड मोडलं. ते जुळलं, पण खांदा आखडला.
२. बँकेत गेले तेव्हा कळलं की दादा कायद्याने सज्ञान आहे आणि त्याच्या वतीने सही करण्याचा हक्क आपल्या घरात कोणालाच नाही.
३. मी त्याच्या पालकत्वासाठी जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज केला. ते मिळालं की दोघांना वर्ध्याला माझ्याकडे न्यायचं असं मी ठरवलं होतं.
४. समितीची माणसं चौकशीला घरी आली. त्यांनी दादाला जायचं का विचारलं. दादा नाही म्हणाला.
५. त्यामुळे ते दोघे गावातच राहणार. मी तिकडे राहायला जाते आहे.
६. दादाची एक अट आहे. समोरच्या खोलीतली तुमची खाट वापरायची असेल तर तुम्हाला विचारायचं. म्हणून हे पत्र.

आता सविस्तर लिहिते. तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती, कारण तुम्ही होतात तोवर आपण एकाच घरात होतो, आणि तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होते. मी पुढे काय झाले ते आधी सांगायला हवं. मी वजनकाटे तपासते. कंपनीची गाडी असते, मागे प्रमाणित वजनं असतात, आणि हिंगणघाटपासून आर्वीपर्यंत जिनिंग, बाजार, गोदामं असं फिरणं असतं. काटा खरं दाखवतो की नाही ते पाहायचं, दाखवत नसेल तर दुरुस्त करायचा. तुम्ही ज्या धरमकाट्याच्या खिडकीत बसायचात, तो आता इलेक्ट्रॉनिक झाला आहे. मी तो दुरुस्तही केला आहे. खिडकी तीच आहे, तुम्ही डबा ठेवायचात ती फळीही तीच आहे. आत बसणाऱ्या माणसाला मी तुमच्याबद्दल काही सांगितलं नाही. काम करून, सही घेऊन निघाले.

सुरुवात बँकेपासून झाली. तिथे नवीन बाई आल्या आहेत. दादाच्या कागदावर त्याचा अंगठा आणि खाली माझी सही, अशी आपली पद्धत. आधी तुमची सही असायची, मग आईची, मग माझी. बाईंनी कागद पाहिला आणि विचारलं, "ह्यांचं वय काय?" मी सांगितलं. "मग तुम्ही कोण?" मी म्हटलं, बहीण. "बहीण आहात ते चेहऱ्यावरून दिसते. कायद्यानं कोण?" माझ्या कामात मी हाच प्रश्न लोकांना विचारते. काटा चांगला आहे हे मला सांगू नका, शिक्का कुठे आहे ते दाखवा.

घरी येऊन कायदा वाचला. मूल अठरा वर्षांचं झालं की आईबापाचं पालकत्व संपतं. मूल दादासारखं असलं, त्याला आकडे समजत नसले, तरीही आपोआप संपतं. पुढे पालक लागणारच असेल तर जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज करून नेमून घ्यावा लागतो. आपल्यापैकी कोणी हे केलं नाही. आपल्याला वाटत होतं बाप तो बाप, त्याला आणखी कोणी काय नेमायचं. म्हणजे बाबा, दादा सज्ञान झाल्यापासून तुम्ही त्याच्या वतीने केलेली एकही सही कायद्याने तुमची नव्हती. ज्या माणसाने कपाशीच्या गाडीचं वजन कोणाच्या सांगण्यावरून इकडचं तिकडे लिहिलं नाही, त्याची ही गोष्ट. मी आईला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला खांदा धरून बसावं लागलं. "बरं झालं, येळेवर गेले," ती म्हणाली. "नाई तं आता शिपाई आला असता दारात."

तुमच्या बाजूनेही एक गोष्ट आहे, ती नोंदवते. मी तेव्हा पहिली-दुसरीत असेन. सकाळ आहे, अंगणात ऊन आहे, आई स्वयंपाकघरात ज्वारीच्या भाकरी थापते आहे. तुम्ही दादाला खुंटीवरच्या आरशासमोर उभं करता आणि त्याच्या हातात एक पुडकं देता. त्यात ब्रश, साबणाची वाटी आणि दाढीचं यंत्र. त्याचा अठरावा वाढदिवस होता हे मला आता हिशेब जुळवून कळतं, तेव्हा एवढंच कळलं की आजपासून तुम्ही त्याची दाढी करणार नाही. आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. "कापून घेईन ना तो." तुम्ही म्हणालात, "मीबी घेतलं होतं कापून." त्याने घेतलं. हनुवटीवर रक्त आलं, तुम्ही तुरटी लावलीत, आणि तो दिवसभर गावात हनुवटी पुढे काढून फिरला. कायद्याला जे अठराव्या वर्षी म्हणायचं आहे, ते तुम्ही त्याच दिवशी केलं होतं. फक्त सह्यांच्या बाबतीत विसरलात.

अर्ज मी नीट केला. दाखले, प्रमाणपत्रं, फोटो. वर्ध्याला तळमजल्यावरचं घर पाहिलं, न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घ्यायचं ठरवलं, आईची आरामखुर्ची दारातून जाते का ते मोजून आले. आईला विचारलं. "जिथं बाबू, तिथं मी," ती दादाकडे पाहून म्हणाली. दादाला मी सांगितलं. सांगितलं, विचारलं नाही. मला त्यात फरक वाटला नव्हता. तो "हो" म्हणाला होता, पण तो तेव्हा शेजारच्या काकांच्या बैलांना पाण्यावर घेऊन निघाला होता आणि त्या घाईत तो कशालाही हो म्हणतो.

समितीकडून दोघं आले. एक संस्थेतल्या बाई, आणि एक सदस्य, ज्यांच्या एका पायात लहानपणापासून जोर नाही. ते मागे जास्तीची चाकं लावलेल्या स्कूटरवरून आले. आपल्या अंगणात ती आरामात वळली याचं त्यांना बरं वाटलं. त्या वेळी अंगणात काय चाललं होतं ते सांगते. आई पाटावर बसली होती. दादा तिच्या मागे उकिडवा बसला होता. शेजारी निखाऱ्यांवर वाटीत तूप-हळद गरम होत होतं आणि दादा पळसाच्या पानाने ते तिच्या खांद्याला लावून शेकत होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची जू वाहून आखडलेली खांद शेकतात, अगदी तसं. दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी गरम शेक द्या आणि हात हळूहळू वर न्या, असं सांगितलं होतं. दादाला शेकण्याची एकच रीत माहीत आहे. गावात आता बैलजोड्या थोड्या उरल्या आहेत, पण जितक्या आहेत तितक्यांची खांद तोच शेकतो, कारण त्याच्या हाताखाली बैल हलत नाही. आईसुद्धा हलत नाही.

"काय चालू आहे भाऊ?" सदस्यांनी विचारलं.

"खांद शेकून राह्यलो."

"कोनाची?"

दादाने त्यांच्याकडे जरा काळजीने पाहिलं. "आईची. दिसत नाई काय तुमाले?"

आणि शेवटी त्याने आईच्या खांद्यावर थोपटून ते म्हटलं, जे बैलाला म्हणतात. "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

"येतो बापा," आई म्हणाली. मग पाहुण्यांना म्हणाली, "रोज म्हनते. रोज जेवाले जातो. आता पोळ्याले झूल टाकतो म्हनते माह्या अंगावर."

बाई हसल्या, पण सदस्य गंभीरपणे आईचा हात पाहत होते. दादाने तो धरून वर नेला, खांद्याच्या वर, जवळजवळ कानापर्यंत. उन्हाळ्यात तो हात छातीपर्यंतही उठत नव्हता. मी दर भेटीला कोनमापक लावून पाहत होते, त्यामुळे हे मला माहीत होतं. फक्त ते कोणामुळे होतं आहे याचा मी विचार केला नव्हता. मला वाटत होतं, गोळ्यांमुळे.

मग चौकशी सुरू झाली. सदस्यांनी विचारलं, "भाऊ, तुमची काळजी कोन घेते?"

मी म्हटलं, "आई घेते. आणि शनिवार-रविवार मी असते."

"ताई," ते शांतपणे म्हणाले, "त्यायले विचारलं."

बाबा, हे वाक्य मी आधी ऐकलं आहे. तुम्ही म्हणालेलं. कापसाचे दिवस आहेत, काट्यापुढे गाड्यांची रांग आहे, माझी शाळा सुटल्यावर मी आणि दादा तुमच्या खिडकीशी आहोत. एक गाडीवाला चहाची किटली घेऊन येतो आणि दादाला विचारतो, "चाय घेतं काय रे बाबू?" मी लगेच सांगते, तो चहा घेत नाही. सांडतो. तुम्ही वजन लिहिता लिहिता, मान वर न करता म्हणता, "तुले विचारलं काय?" एवढंच. आवाज न चढवता. दादाने चहा घेतला, अर्धा सदऱ्यावर सांडला, उरलेला प्यायला, आणि अजून एक मागितला. तेव्हापासून तो चहा घेतो.

म्हणून या वेळी मी दादाला बोलू दिलं. दादाने विचार केला. तो विचार करतो तेव्हा तळहात मांडीवर पुसतो. "मी घेतो," तो म्हणाला.

"सोताची?"

"आईची."

"आन तुमची?"

"आई घेते." मग माझ्याकडे पाहून, कोणी सुटू नये म्हणून, "हे येते शनिवारी. कपडे धुते. लय बोलते."

मी फार बोलत नाही हे तुम्हाला माहीत आहे. पण ते म्हणणं तसंच लिहून घेतलं गेलं.

"वर्ध्याले जाता काय बहिनीकडं, राह्याले?"

"नाई."

"काऊन?"

"तिथं अंगन नाई. खांद कुठं शेकू?"

मी म्हटलं की गॅसवर शेकता येईल. दादा म्हणाला, "घरात धूर होईन. आई खोकते." ते बरोबर होतं. मग त्याने आणखी एक कारण दिलं. "आन तिथं मले कोनी वळखत नाई." आई पाटावरून उठली नव्हती. ती मान खाली घालून पदराने खांद्यावरचं तूप पुसत राहिली.

सदस्यांनी मला नंतर समजावून सांगितलं, आणि मी ते कायद्यात तपासून घेतलं. ते बरोबर आहे. अपंग व्यक्तीला अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती करता येत नाही. पालकत्व मिळालं म्हणजे माणूस सामानासारखा हलवता येतो असं नाही. आणि समिती आधी हे पाहते की पालक लागतो का, आणि लागत असेल तर नेमका कशासाठी. जेवढ्यासाठी लागतो तेवढ्यासाठीच नेमते. ते मला म्हणाले, "ताई, मले विशीत असताना माह्या काकानं नागपूरले नेऊन ठेवलं होतं. चांगलंच ठेवलं होतं. पन मले इचारलं नोतं."

मग ते परत दादाकडे वळले. बँक म्हणजे काय, तिथे सही कशाला लागते, दवाखान्यात मोठं काम निघालं तर सही कशाला लागते, हे त्यांनी त्याला साध्या भाषेत सांगितलं. ते कोणी करावं असं विचारलं. दादाने पुन्हा तळहात पुसले.

"बँक तिची," तो म्हणाला. "आई माही."

आदेश आला तो साधारण असाच आहे, फक्त लांब. बँकेचे व्यवहार आणि दवाखान्यातली संमती एवढ्यापुरती मी दादाची पालक. त्याच्या नावावर काय आहे त्याची यादी मी मुदतीत द्यायची, दरवर्षी हिशेब द्यायचा. मी दुर्लक्ष केलं किंवा त्याचं काही स्वतःसाठी वापरलं, तर मला काढून टाकण्यासाठी समितीकडे तक्रार करता येते. हे सगळं मी दादाला वाचून दाखवलं, कारण ज्याच्याबद्दल आहे त्याला माहीत असायला हवं. त्याला शेवटचा भाग फार आवडला. आता चहात साखर कमी पडली की तो म्हणतो, "समितीले सांगीन." आईने विचारलं, मला असं काही आहे का. मी सांगितलं, आहे. ज्येष्ठ नागरिकांचा वेगळा कायदा आहे. मुलं पोसत नसतील, पाहत नसतील, तर आईला उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. त्यात मुलगा-मुलगी असा फरक नाही. "बरं झालं सांगतलं," ती म्हणाली. "आता पोहे गार दिले तं दोघायवर केस टाकतो."

कायद्यात काळजी घेणाऱ्याची व्याख्याही आहे. पगार घेऊन किंवा न घेता जो आधार देतो, मदत करतो, तो. घरचा माणूसही त्यात येतो. ती व्याख्या अपंग व्यक्तीची काळजी घेणाऱ्यासाठी आहे आणि आई कागदोपत्री अपंग नाही, त्यामुळे दादा त्यात तंतोतंत बसत नाही. पण काळजी घेणारा स्वतः कसा असावा याबद्दल तिथे एक शब्दही नाही. मी दोनदा वाचून पाहिलं. अर्जाच्या वेळी एका रकान्यात काळजी घेणाऱ्याचं नाव होतं, तिथे मी माझं लिहिलं होतं. सदस्यांनी जाताना तो रकाना मला दाखवला आणि पेन पुढे केला. मी दुरुस्त केलं. आईच्या पुढे दादाचं नाव, दादाच्या पुढे आईचं. बाई म्हणाल्या, असं वर्तुळ चालत नाही, कोणीतरी एक लागेल. सदस्य म्हणाले, "चालू द्या ना मॅडम. चालूनच राह्यलं हाय."

यानंतर मी वर्ध्याला परत गेले. काम होतं. पण मनात एक हिशेब सुरू झाला होता आणि तो दरवेळी एकाच बाजूला झुकत होता. माझी बहुतेक कामं हिंगणघाटकडेच असतात. गावावरून मला ती जवळ पडतात. कंपनीला गाडी कुठे उभी राहते याने फरक पडत नाही. पुढच्या शनिवारी मी दादाला विचारलं. आवतण देतात तसं नीट बसून विचारलं. मी इथेच राहायला आले तर चालेल का.

तो उठून सगळ्या खोल्या पाहून आला, जणू त्या त्याला नवीन होत्या. "निजशीन कुठं?"

"समोरच्या खोलीत. बाबांच्या खाटेवर."

"ते बाबाची हाय."

"दादा, बाबा नाहीत आता."

"मले माहीत हाय. मेले ना." त्याला माझ्या बोलण्याचा थोडा रागच आला. "मेले तं काय, खाट तेयचीच हाय. विचार तेयले."

"कसं विचारू?"

"तुले लिहाले येते ना?"

ती खाट कशी आहे ते तुम्हाला सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही कशाच्या आधारावर ठरवणार. ती उत्तम स्थितीत आहे. दादा उन्हाळ्यात तिची नवार सोडून पुन्हा ताणतो, तुम्ही शिकवलं होतं तशी, गुडघा टेकवून. तिच्यावर कोणी झोपत नाही. पापड वाळवायला मात्र देतो, कारण तुमच्या वेळीही वाळत होते. एक पाय आखूड आहे आणि त्याखाली फरशीचा तुकडा आहे. काटे समतल करणाऱ्या मला असं सोडवत नाही, पण तो तुकडा तुम्ही ठेवलेला आहे, म्हणून मी तो काढणार नाही.

हे पत्र टपालात टाकायचं नाही. दादाला वाचून दाखवायचं आहे. विचारलं की नाही याची त्याला खात्री हवी. पुढचा परिच्छेद मात्र त्याला वाचून दाखवताना मी गाळणार आहे.

समितीच्या अर्जात मी असं लिहिलं आहे की आई आणि दादाला माझी गरज आहे. ते तपासून पाहिलं तर पूर्ण खरं नाही. त्यांचं चाललं आहे. वर्ध्याच्या खोलीत मला करमत नाही. तिथे मी कशी आहे हे विचारणारं कोणी नाही, आणि मी ते कोणाला सांगत नाही. गेल्या हिवाळ्यात ताप आला होता, तेव्हा गावी फोनवर फक्त काम आहे म्हणाले. दादा फोनवर म्हणाला, "आवाज बैलावानी झाला तुहा. ये, शेकून देतो." मी गेले नाही. जायला हवं होतं. समितीने विचारलं असतं की तुमची काळजी कोण घेतं, तर तो रकाना मी कोरा सोडला असता.

तर विचारणा अशी. समोरच्या खोलीतली खाट मला वापरायला मिळावी. रविवारी सकाळी सामानाचा टेम्पो सांगितला आहे. तुमची काही हरकत असल्यास शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवावं. तोपर्यंत उत्तर आलं नाही तर हरकत नाही असं समजायचं, हे दादाने मान्य केलं आहे. तरीही जमलं तर कळवाच.